क्लिपांचा हजेरीपट

शाळेत प्रत्येक वर्गाच्या हजेरीपटावर एक नंबर असतोच. पाचवीत असतो, सहावीत असतो, 'अ' तुकडीत असतो तसाच 'ब' तुकडीतही असतो. म्हणून नुसतं "एक नंबर, उभी राहा" म्हणून चालत नाही; वर्ग कुठला ते आधी ठाऊक हवं. जून उजाडला की पट नवा आणि नंबर पुन्हा एकपासून. यात कुणाचा गोंधळ होत नाही, कारण पटाच्या पहिल्या पानावर इयत्ता, तुकडी आणि वर्ष लिहिलेलं असतं.

घरातल्या व्हिडिओ कॅमेऱ्याचं अगदी असंच आहे, मैत्रिणींनो. आपण बटण दाबून चित्रण सुरू करतो, पुन्हा दाबून थांबवतो. एवढ्या तुकड्याला म्हणायचं क्लिप. कॅमेरा प्रत्येक क्लिपला आपणहून एक नंबर देतो. पण त्याच्याकडे पटाचं पहिलं पान नसतं. ही क्लिप बारशाची की मुंजीची, हे त्या नंबरात कुठेच नसतं. शिवाय अनेक कॅमेऱ्यांत कार्ड पुसलं की नंबर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. मग गेल्या वर्षीची पहिली क्लिप आणि या वर्षीची पहिली क्लिप, दोघींचं नाव एकच! कॉम्प्युटरच्या एका फोल्डरात एका नावाची एकच फाइल बसते. दुसरी आली की पहिलीला उठावं लागतं. ती उठते तेव्हा आवाजसुद्धा होत नाही.

आमच्या धामापुरात हा प्रसंग एका शेजारणीवर आला. चतुर्थीला आमच्याकडे चाकरमानी आले की घरोघरी माणसांची दाटी. प्रत्येकाच्या हातात फोन, एखाद्याकडे जुना हँडीकॅम. शेजारणीच्या भावाने पहिल्या दिवशी एका कार्डावर चित्रण केलं: गणपती आणणं, आरती, आणि पडवीत बसून आईने म्हटलेली गौरीची गाणी. रात्री ते सारं लॅपटॉपवर 'गणपती' नावाच्या फोल्डरात घातलं. कार्ड पुसून ठेवून दिलं. पुढे विसर्जनाचं चित्रण दुसऱ्या कार्डावर झालं. तेही भाच्याने त्याच फोल्डरात घातलं. लॅपटॉपने विचारलं, याच नावाच्या फायली आधीच आहेत, बदलू का? भाच्याने घाईत 'सगळ्या बदला' दाबलं. आई त्याच हिवाळ्यात गेली. वर्षश्राद्धाला गाणी ऐकायला म्हणून फोल्डर उघडलं, तर पहिल्या क्लिपपासून शेवटच्यापर्यंत नुसतं विसर्जन.

"आवशीचो आवाज गेलो गो," एवढंच ती म्हणाली. भाच्याला कोणी बोललं नाही. बोलून उपयोग काय? आणि खरं म्हणजे त्याला हे कुणी शिकवलंच नव्हतं. म्हणून आज हा विषय.

आधी नंबरामागची रीत समजून घेऊ. समजली की अर्धी भीती जाते.

डिजिटल कॅमेऱ्यांच्या फायलींसाठी १९९८ साली जपानमध्ये एक ठरलेली पद्धत आली. म्हणून कुठल्याही कंपनीचं कार्ड उघडलं तरी त्यात 'डीसीआयएम' नावाचा फोल्डर दिसतो. त्याच्या आत १०० पासून ९९९ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होणारे फोल्डर, आणि फाइलच्या नावात आधी चार अक्षरं व मग चार आकडे. म्हणजे नंबर ०००१ पासून ९९९९ पर्यंतच. त्यापुढे नवा फोल्डर उघडतो आणि मोजणी पुन्हा ०००१ वर येते.

हँडीकॅमच्या जातीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत वेगळी रीत आढळते. सोनी आणि पॅनासॉनिक यांनी २००६ साली 'एव्हीसीएचडी' नावाची पद्धत आणली. तिच्यात क्लिपा आत, आणखी आत, 'स्ट्रीम' नावाच्या फोल्डरात असतात आणि त्यांची नावं म्हणजे नुसते पाच आकडे: ०००००, ००००१, ००००२. अक्षर नाही, तारीख नाही. कार्ड पुसलं की पुन्हा पाच शून्यं. शेजारणीचा कॅमेरा याच जातीचा होता.

फोनचं थोडं बरं. बहुतेक अँड्रॉइड फोन व्हिडिओच्या नावातच वर्ष, महिना, दिवस आणि वेळ घालतात. आयफोन मात्र चार आकडी नंबरच देतो. त्यामुळे दोन बहिणींचे दोन आयफोन असले की नंबर हमखास एकमेकींवर आदळतात. व्हॉट्सॲपवरून आलेल्या व्हिडिओच्या नावात तारीख दिसते खरी, पण ती फोनवर व्हिडिओ येऊन पडला त्या दिवसाची. चित्रणाची असेलच असं नाही. मुंबईच्या नणंदेने जानेवारीत पाठवलेली चतुर्थी जानेवारीच्या तारखेवर जाऊन बसते.

आता काय करायचं ते क्रमाने पाहू. लागणारं साहित्य: कॅमेरा, कार्ड, कॉम्प्युटर, आणि एक दोनशे पानी वही. हो, वही!

१. कॅमेऱ्याचं घड्याळ. सणाच्या आदल्या दिवशी तारीख आणि वेळ तपासावी. कॅमेऱ्याच्या आत घड्याळापुरती एक बारीक बॅटरी असते. कॅमेरा कित्येक महिने कपाटात पडून राहिला की ती उतरते आणि तारीख मागच्या कुठल्यातरी वर्षावर जाऊन बसते. नंबर चुकला तर तारखेवरून शोधता येतं. दोन्ही चुकली तर वाली कोणी नाही. घरात दोन-तीन कॅमेरे आणि फोन असतील तर सुरुवातीलाच सर्वांनी भिंतीवरच्या एकाच घड्याळाचं दोन सेकंद चित्रण करावं. कुणाचं घड्याळ किती पुढे, किती मागे, ते पुढे कळतं आणि क्लिपा ओळीने लावता येतात.

२. नंबर चालू ठेवणे. कॅमेऱ्याच्या मेनूत 'फाइल नंबर' किंवा 'फाइल नंबरिंग' असं एक कलम असतं का ते पाहावं. सोनीच्या बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांत तिथे 'सीरीज' आणि 'रीसेट' असे दोन पर्याय असत; कॅननच्या कॅमेऱ्यांत 'कंटिन्युअस' आणि 'रीसेट' असतात. 'सीरीज' किंवा 'कंटिन्युअस' ठेवावं. मग कार्ड बदललं तरी कॅमेरा आपला नंबर पुढे चालवतो. एक मात्र ध्यानात असू द्या: दुसऱ्या कॅमेऱ्यात वापरलेलं, क्लिपा भरलेलं उसनं कार्ड घातलं आणि त्यावरचा शेवटचा नंबर मोठा असला, तर आपला कॅमेराही तिथून पुढे मोजू लागू शकतो. म्हणून उसन्या कार्डावरचं ज्याचं त्याला उतरवून द्यावं, मग ते आपल्याच कॅमेऱ्यात फॉरमॅट करून वापरावं. एव्हीसीएचडी पद्धतीच्या क्लिपांना ही सोय बहुधा लागू पडत नाही. त्यांच्यासाठी पुढचं कलम.

३. एका कार्डाला एक फोल्डर. आजच्या सगळ्या सांगण्यातलं हे मुख्य. प्रत्येक वेळी कार्ड रिकामं करताना कॉम्प्युटरवर नवा फोल्डर करावा. जुन्यात कधीही ओतू नये. ताज्या लोणच्यावर जुनं ओतलं तर दोन्ही बिघडतात, तसंच हे. फोल्डरचं नाव असं द्यावं: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग प्रसंग, शेवटी कुणाचा कॅमेरा. म्हणजे '२०२५-०८-२७ चतुर्थी भावाचा कॅमेरा'. वर्ष आधी लिहिल्याने फोल्डर आपोआप काळाच्या ओळीने लागतात. आपण तारीख लिहितो तशी दिवस आधी घातली तर सगळ्या वर्षांचे एक तारखेचे फोल्डर एकत्र, दोन तारखेचे एकत्र, असा काला होतो. महिना आणि दिवस एक आकडी असेल तर आधी शून्य लावावं. कॉम्प्युटर १ नंतर १० आणि मग २ असं वाचत नाही हल्ली, पण पेनड्राइव्हवरून व्हिडिओ दाखवणारे कित्येक टीव्ही अजून तसंच वाचतात. आकडे एकतर सगळे इंग्रजी ठेवावे किंवा सगळे मराठी; मिसळ नको.

असा फोल्डर केला की आत ००००० असो नाहीतर ०००१ असो, काही बिघडत नाही. नंबर कॅमेऱ्याचा राहू दे, पटाचं पहिलं पान आपलं.

४. सबंध उचला. एव्हीसीएचडीच्या कार्डातून नुसत्या क्लिपा वेचून घेऊ नयेत. वरचा सगळा फोल्डर जसाच्या तसा उचलावा. आत शेजारच्या लहान-लहान फायलींत कुठली क्लिप कुठे सुरू होते, कुठली कशाला जोडलेली आहे, याची नोंद असते. दशावताराचं नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं. एवढं लांब चित्रण कॅमेरा एका फायलीत ठेवत नाही. दोन किंवा चार गिगाबाइट झाले की नवा नंबर घेऊन पुढे जातो. संकासुराचं वाक्य अर्धं एका फायलीत आणि अर्धं दुसरीत! त्या लहान नोंदी जवळ असल्या तर कॅमेऱ्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअर हे तुकडे न तुटता जोडून देतं. नुसते तुकडे असले तर सांध्याला वाक्य अडखळतं.

तारकर्लीला स्कूबा करून आलेल्या पाहुण्यांच्या क्लिपांत आणखी एक गंमत असते. पाण्याखालच्या त्या लहान गोप्रो कॅमेऱ्यात लांब चित्रणाचे तुकडे पडतात तेव्हा तुकड्याचा नंबर आधी येतो आणि चित्रणाचा नंबर मागून. म्हणजे ०१००४५ चा पुढचा भाग ०१००४६ नव्हे, तर ०२००४५. शेवटचे चार आकडे सारखे ते एका कुळातले, असं ओळखावं.

५. कार्डावर नाव बदलू नये. कॅमेऱ्यात कार्ड असताना किंवा ते कॉम्प्युटरला लावून कार्डावरच्या फायलींची नावं बदलू नयेत, मधल्या काढूही नयेत. कॅमेरा आपल्या नंबरावरूनच क्लिप शोधतो. नाव बदललं की त्याला ती सापडत नाही. पुसायचं ते कॅमेऱ्यातूनच पुसावं.

६. प्रत्येकीचं बारसं नको. दोनशे क्लिपांना दोनशे नावं द्यायचा उत्साह पहिल्या दिवशी असतो, तिसऱ्या दिवशी ओसरतो, आणि मग काहींना नावं, काहींना नंबर, असा अर्धवट संसार होतो. मूळ फोल्डर तसाच ठेवावा. त्यातल्या पाच-दहा आवडत्या क्लिपांची प्रत 'निवडक' नावाच्या फोल्डरात करावी आणि फक्त त्या प्रतींना नावं द्यावीत: '२०२५-०८-२७ आईची गाणी ०१'. एकदम सगळ्यांना नाव द्यायचंच असेल तर विंडोज कॉम्प्युटरवर क्लिपा नावाच्या क्रमाने लावून सगळ्या निवडाव्यात, एफ-२ दाबून एकदा नाव लिहावं, पुढचे आकडे तो आपणच घालतो. मनासारखं झालं नाही तर लगेच कंट्रोल आणि झेड दाबलं की पूर्वीचं परत.

७. प्रश्न आला की थांबा. 'याच नावाची फाइल आहे, बदलू का?' असं कॉम्प्युटरने विचारलं तर ती धोक्याची घंटा समजावी. 'बदला' नको, 'वगळा'ही नको. वगळलं तर नव्या क्लिपा येतच नाहीत आणि आपल्याला वाटतं आल्या. 'रद्द' दाबावं, नवा फोल्डर करावा आणि त्यात घालावं. घरात मुलांकडून हे काम करून घेत असाल तर एवढं एक वाक्य त्यांच्याकडून पाठ करून घ्यावं.

८. मोजून मग पुसा. आमच्या तलावाची एक गोष्ट इथल्या मुलांना पाळण्यातच ऐकायला मिळते. लग्नघरातल्या माणसाने फुलांची परडी पाण्यात सोडून भगवतीपाशी दागिने मागायचे. दागिन्यांनी भरलेली परडी वर यायची. लग्न झालं की घेतले तेवढे परत ठेवायचे. कुणा एकाने परत केले नाहीत, आणि तेव्हापासून परडी वर यायची थांबली. गोष्टच ती, पण हिशेब पक्का. कार्डावर किती क्लिपा आहेत, फोल्डरात किती उतरल्या, आकडा जुळतो का ते पाहावं. फोल्डर आणि कार्ड दोन्हींचा एकूण आकार किती गिगाबाइट दिसतो, तेही ताडून घ्यावं. पहिली, मधली आणि शेवटची क्लिप लावून बघावी. दुसऱ्या डिस्कवर दुसरी प्रत करावी. मगच कार्ड पुसावं. सणाच्या गडबडीत त्याच रात्री पुसायची घाई करू नये. हल्ली कार्डं स्वस्त आहेत, एक जास्तीचं आणून ठेवावं.

ही दुसरी प्रत निराळ्या घरात असली तर उत्तम. एक गावी, एक मुंबईच्या दिराकडे. आपल्याकडच्या पावसाळ्यात डिस्कचा डबा घट्ट झाकणाचा हवा आणि आत सिलिका जेलची पुडी. वीज येत-जात असेल तेव्हा उतरवणीचं काम काढू नये.

९. वही. प्रत्येक फोल्डरामागे वहीत एक ओळ: तारीख, गाव, प्रसंग, कोणाचा कॅमेरा, क्लिपा किती, कुठल्या डिस्कवर. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे त्यात कोणकोण दिसतं. आज आपल्याला सगळे चेहरे ओळखू येतात. वीस वर्षांनी आपली मुलं विचारतील, ही फुगडीत उजवीकडची कोण? ते कुठल्याही कॅमेऱ्याला ठाऊक नसतं. दशावताराचं चित्रण असेल तर मंडळ कुठलं आणि आख्यान कोणतं तेही लिहावं. धामापूरचा तलाव १५३० सालचा हे आज आपण सांगतो, २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने जागतिक वारसा म्हणून त्याला मान दिला तेव्हाही ते साल सांगता आलं. का? तर कुणीतरी मागे ते साल जपलं म्हणून. घरच्या गोष्टींचं साल आपणच जपायचं.

व्हॉट्सॲपवर क्लिपा मागवताना पाठवणाऱ्याला एक सांगावं: व्हिडिओ म्हणून नव्हे, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव. व्हिडिओ म्हणून पाठवला की तो आक्रसतो आणि मूळ नावही जातं. डॉक्युमेंट केला की जसाच्या तसा, नावासकट येतो.

आता कुणाच्या घरी शेजारणीसारखं होऊन गेलं असेल तर काय? ज्या कार्डावरून त्या क्लिपा आल्या होत्या ते कार्ड शोधा आणि त्यावर एकही नवं चित्रण करू नका. कार्ड साधं फॉरमॅट केलं की बहुधा डब्यावरची चिठ्ठी तेवढी निघते. आतलं धान्य लगेच जात नाही. नवीन भरलं की मात्र तेवढं जुनं कायमचं गेलं. फायली परत काढून देणारी सॉफ्टवेअर असतात, ते काम करणारे दुकानदारही असतात. परत आलेल्या फायलींना बहुतेकदा जुनी नावं नसतात, एकेक लावून ओळखावी लागते.

शेजारणीने तसंच केलं. पहिलं कार्ड तिच्या भावाकडे मुंबईला होतं. मध्यंतरी त्यावर एका सहलीचं चित्रण झालेलं. दुकानदाराने जे मिळालं ते काढून दिलं: सतरा क्लिपा, नावं नसलेल्या. आरती नाही, गणपती आणल्याचं नाही. पण गाण्यांच्या दोन क्लिपा त्यात होत्या. एकीत आई मध्येच थांबते, पुढची ओळ आठवते का बघते, आणि हसून लेकीला म्हणते, तू सांग. बाकीची गाणी गेली ती गेलीच.

त्या दोन क्लिपा आता तीन घरांत आहेत. वहीत त्यांची पहिली ओळ आहे, आणि ती भाच्याच्या अक्षरात आहे. तिच्या घरी कार्ड उतरवायचं काम तोच करतो, आणि कॉम्प्युटरने प्रश्न विचारला की हात मागे घेतो.

तेव्हा मैत्रिणींनो, या आठवड्यात एका दुपारी एवढं करा. घरातली सगळी कार्डं एका डबीत गोळा करा. एकेक लावून आत काय आहे ते पाहा. प्रत्येकाला आपला फोल्डर द्या, वहीत ओळ लिहा. दोन तासांचं काम आहे. सोबतीला मुलगी असली तर तिला नावं सांगायला बसवा; गप्पांत घरातली नाती तिची आपोआप पाठ होतील.

पुढच्या वेळी जुन्या व्हीएचएस कॅसेटींची बुरशी आणि त्यांतलं लग्न डिस्कवर कसं उतरवून घ्यावं, त्याविषयी.